सहा बोटं सैल

तीर्थस्वरूप सौ. ताईस,

धाकट्या भावाचा कमरेतून पूर्ण वाकून नमस्कार. (पूर्ण हा शब्द उगाच घातलेला नाही. गेल्या वेळी तू आलीस तेव्हा तुझी बॅग उचलायला मी वाकलो आणि अर्ध्या वाटेत माझंच पोट आडवं आलं. शेवटी बॅग तू उचललीस आणि मला हात भाऊजींनी दिला. आता मी जमिनीवर पडलेली टाचणी उचलतो, आणि उचलून झाल्यावर कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघतो. कुणी पाहिलं नसेल तर ती पुन्हा खाली टाकतो.) तुझी प्रकृती ठीक असेल. भाऊजींचा गुडघा जिना चढताना अजून बोलतो की आता गप्प झाला, ते कळव. पत्राला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस, आणि या वेळी सांगण्यासारखं इतकं आहे की मधेच कुणी 'बरं, जेवलास का' असं विचारलं तर सगळी घडी विस्कटेल. शिवाय जेवलास का या प्रश्नाचं उत्तरच हल्ली पानभर होतं. इकडे सर्व क्षेम आहे, आणि हे वाक्य मी पत्रात लिहायची रीत म्हणून लिहिलेलं नाही.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, तरी देतो, कारण विजयाची गोष्ट सांगताना आधी लढाई सांगावी लागते. थंडी सुरू होण्याच्या सुमारास मी दुकानात कापायच्या टेबलाशी उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन खाली बसलो. (आमचे चिरंजीव 'कोसळले' असा शब्द वापरतात. मी बसलो. खाली स्टूल नव्हतं, एवढंच.) हातात कात्री होती आणि कात्रीखाली गिऱ्हाइकाचं भारी कापड होतं. बसता बसता मी कात्री वर उचलली आणि कापडाच्या सुतालाही धक्का लागू दिला नाही, पण ही गोष्ट सोडून बाकी सगळं सगळ्यांना आठवतं. चिरंजीवांनी मला पाठीवर घेऊन जिना चढून घरात नेलं, डॉक्टर आले, रक्त काढलं, आणि त्या रक्तात साखर इतकी निघाली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. तू दुसऱ्याच दिवशी आलीस. मग ती बैठक झाली. चिरंजीव स्वतः रेडीमेड कपड्यांच्या मोठ्या दुकानात नोकरीला, त्यामुळे त्यांचं म्हणणं असं की शिवणकाम आता बंद करावं, मी आराम करावा, आणि आपल्या दुकानात तयार कपडे लावून ते त्यांनी चालवावं. मी भांडायच्या तयारीत होतो, पण तो एकदम म्हणाला, "बाबा, मला दुकान नकोय हो, मला तुम्ही हवे आहात," आणि त्याचा आवाज फाटला. तेव्हा तू निकाल दिलास की थंडी सरेपर्यंत मुदत. तोवर डॉक्टर म्हणाले की साखर जागेवर आली, तर कात्री माझ्या हातात राहील. नाहीतर ती खाली ठेवायची, आणि तोंड फुगवायचं नाही. मी कबूल झालो. ताई, मिसरूड फुटायच्या आधीपासून ती कात्री माझ्या हातात आहे. ती गेली तर सकाळी उठून मी नेमकं काय करायचं, हे मला तेव्हाही सुचत नव्हतं आणि आजही सुचत नाही.

डॉक्टर फार काही बोलले नव्हते. गोळ्या दिल्या आणि म्हणाले, साधं खा, निसर्गाच्या जवळचं खा, बेकरीचं बंद करा. आता माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी. निसर्गाच्या जवळचं म्हणजे किती जवळचं, हे डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, तेव्हा मी ठरवलं की जायचंच आहे तर थेट त्याच्या दारात जाऊन उभं राहावं. मी आपल्या धंद्याच्या भाषेत विचार केला. उत्तम कापडाला जितकी कमी कापाकापी, तितकं ते जास्त टिकतं. आणि आपण गव्हाचं काय करतो? आधी कोंडा काढतो, मग दळून दळून पांढरंफटक करतो, मग त्यात साखर, लोणी आणि गुलाबी रंग घालून भट्टीत फुगवतो. हे म्हणजे अख्खा तागा फाडून त्याचे हातरुमाल करण्यासारखं आहे. मी त्याच दिवशी घरात जाहीर केलं की यापुढे जे झाडाला, वेलीला किंवा मातीखाली जसं लागतं, तसंच ते माझ्या ताटात येईल. तुझी भावजय शांतपणे म्हणाली, "धुऊन आणलं तर चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. (तत्त्वाला मुरड घालायची माझी तयारी पहिल्या दिवसापासून होती, हे लक्षात घे.)

गाजर, मुळा, काकडी, कोबी, बीट, आणि न्याहारीला मोड आलेले मूग, असा माझा आहार सुरू झाला. चहाही सोडला. काकडी खाताना मी जरा समाधानाचा सुस्कारा टाकला की चिरंजीव पेपरामागून म्हणायचे, कोल्हा काकडीला राजी. मी मनावर घेतलं नाही. मुगांचं मात्र मी मनावर घेतलं. मोड काढायला स्वच्छ ओलं फडकं लागतं, आणि शिंप्याच्या घरात फडक्याला काय तोटा, म्हणून मी एका कोटातून उरलेल्या अस्तराच्या तुकड्यात मूग बांधून खिडकीच्या हुकाला टांगले. अस्तर चांगलं होतं, पण त्याचा रंग कच्चा होता. सकाळी गाठोडं सोडलं तर आत शाईत बुडवल्यासारखे निळे मूग, आणि प्रत्येकाला एक छोटासा निळा मोड. तुझी भावजय म्हणाली, फेकून द्या. मी म्हटलं, निसर्गात निळी फळं असतातच की. मी ते खाल्ले. त्या दिवशी दुकानात येणारा जो तो माझ्या जिभेकडे बघत होता. पुढे मूग तिच्या ताब्यात गेले, आणि तेव्हापासून ते हिरवेच राहिले आहेत.

आता चावण्याविषयी. नैसर्गिक आहारातली खरी गोम खाण्यात नाही, चावण्यात आहे. बत्तीस दात आहेत म्हणून प्रत्येक घास बत्तीस वेळा चावावा, असं मला मुख्याध्यापकांनी सांगितलं. (म्हणजे समोरच्या शाळेचे मुख्याध्यापक. आपले कोट ते माझ्याकडेच शिवतात, आणि ते काही सांगतात तेव्हा समोरचा माणूस सहावीत आहे असं धरून सांगतात.) बत्तीस वेळा गाजर चावायचं म्हणजे सकाळचं जेवण दुपारपर्यंत पुरतं, तेव्हा मी खिशात गाजर ठेवून काम करता करता चावू लागलो आणि मनात आकडे मोजू लागलो. तुला आमची पद्धत माहीतच आहे. मी गिऱ्हाइकाचं माप घेतो, मोठ्यानं आकडा सांगतो, आणि मशीनवर बसलेली तुझी भावजय तो लिहून घेते. एके दिवशी हेच मुख्याध्यापक सेवानिवृत्तीच्या समारंभाचा कोट शिवायला आले. छाती झाली, खांदा झाला. बाहीचं माप घेताना माझ्या तोंडात घास होता, टेप तेवीसवर होता आणि चावणं एकोणतीसवर होतं. मी एकोणतीस म्हणालो. तिनं ते लिहिलं. कापताना मी कागदाकडे बघून कापलं, कारण कागदावर आपण स्वतः सांगितलेला आकडा असला की माणूस डोळे झाकून विश्वास ठेवतो. कोट चढवून बघायच्या दिवशी मुख्याध्यापकांनी तो घातला, आरशासमोर उभे राहिले आणि त्यांना हातच नव्हते. मग ते आतल्या आत बोटं हलवून म्हणाले, "मास्तर, मानपत्र घ्यायला मला हात लागतील." तुझी भावजय म्हणते की शिवताना तिला शंका आली होती, पण तिला वाटलं की चिरंजीवांच्या दुकानातली एखादी नवी फॅशन असेल. एक मात्र मी अभिमानानं सांगतो. चूक झाली ती मोठेपणाच्या बाजूनं झाली. जास्तीची बाही कापून काढता येते, कमी पडलेली जोडता येत नाही. समारंभाला त्यांचे दोन्ही हात व्यवस्थित बाहेर होते, आणि मी मात्र तेव्हापासून खायला वर घरात जातो.

सगळ्यात कठीण परीक्षा भिंतीची होती. आमच्या आणि शेजारच्या बेकरीच्या मधे एकच भिंत, आणि तिच्या पलीकडे भट्टी. थंडीत ती भिंत कोमट असते, म्हणून कापायचं टेबल मी इतकी वर्षं त्याच भिंतीला लावलेलं. दुपारी क्रीमरोल निघाले की वास विटांमधून झिरपत माझ्या पाठीपर्यंत यायचा, आणि मी आणि बेकरीवाला यांच्यात एक न बोललेला करार होता की वास आला की मी जातो. आता मी जाईना. टेबल ओढून पलीकडच्या थंड भिंतीला लावलं आणि स्वेटर घालून कापू लागलो. मग एके दिवशी बेकरीवाला स्वतःच दारात येऊन उभा राहिला, अंगभर पीठ, हात पुढे जोडलेले, आणि अगदी पडेल आवाजात म्हणाला, "मास्तर, काही चुकलं का आमचं?" मी त्याला बसवलं आणि साखर, निसर्ग, कोंडा, तागा असं सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. मग त्यानं हळूच आपला अॅप्रन बाजूला करून स्वतःचं पोट दाखवलं आणि विचारलं, हे जाईल का? ताई, त्या क्षणी मला माझी योग्यता कळली. माझ्याकडे माप द्यायला माणसं येतात, पण मत घ्यायला कुणी आलं नव्हतं. तेव्हापासून तो क्रीमरोल भट्टीतून काढतो आणि भट्टीसमोर उभं राहून सफरचंद खातो.

आता मुद्द्यावर येतो. तू म्हणशील, हे सगळं ठीक, पण गुण आला का? आला. आणि कसा आला ते कळायला तुला आमच्या उस्तादांचा नियम सांगायला हवा. त्यांनी मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की शिंप्यानं स्वतःचं माप स्वतः घ्यायचं नाही. स्वतःचं माप घेताना माणूस पोट आत ओढतो, आणि मग जन्मभर ते आतच ओढून ठेवावं लागतं. म्हणून माझं माप लग्नापासून तुझी भावजय घेते. मी हात वर करून भिंतीकडे बघत उभा राहतो, ती मागून टेप घालते आणि आकडा सांगते. माझ्या पँटी तीच शिवते, तीच धुते, तीच इस्त्री करते आणि तीच दुरुस्त करते. मी फक्त त्यांच्या आत शिरतो. वजनकाट्यावर माझा विश्वास नाही, कारण काटा माणूस आणि पोतं यांच्यात फरक करत नाही. टेप करतो.

पहिल्या पंधरवड्यानंतर, खरं सांगायचं तर, मी हाय खाल्ली होती. जबडा दुखत होता, पोट रिकाम्या पिंपासारखं वाजत होतं, आणि मला आरशात तोच जुना गृहस्थ दिसत होता. दुकानाच्या कोपऱ्यात चिरंजीवांनी आधीच एक पुतळा आणून ठेवला होता, पुढेमागे रेडीमेड कपडे चढवायला म्हणून. त्याला पोट नावाची चीजच नाही. तो दिवसभर माझ्याकडे बघायचा. मी मनाशी म्हटलं, आता बस, उद्या सकाळी चहा आणि बिस्किटं, आणि व्हायचं ते होवो. त्या संध्याकाळी तुझ्या भावजयीनं माप घेतलं, आणि ती म्हणाली, "एक बोट कमी आहे." माझा विश्वास बसेना. पण दोन दिवसांनी इस्त्रीची पँट चढवली तर खरंच, पट्ट्यात एक बोट आरामात जात होतं. ताई, मला रडू आलं असतं, पण गिऱ्हाईक समोर होतं. चहा-बिस्किटांचा विचार मी तिथल्या तिथे टाकून दिला. पुढच्या पंधरवड्यात दुसरं बोट गेलं. मग तिसरं, मग चौथं. मधे एकदा बेकरीवाल्याच्या कोटाचं बटण द्यायला मी त्याच्याकडे गेलो आणि त्यानं आग्रह केला म्हणून (तो स्वतः खात नाही, त्यामुळे आग्रह करायला मोकळा असतो) दोन क्रीमरोल घेतले, आणि ते बटण नीट बसलं का हे बघायला त्याच आठवड्यात आणखी दोनदा जावं लागलं. त्या आठवड्यातही पँट सैलच झाली. यावरून मी असा निष्कर्ष काढला आहे की निसर्ग एकदा प्रसन्न झाला की बारीकसारीक गोष्टींकडे लक्ष देत नाही.

अति तिथे माती हे तुझी भावजय पहिल्यापासून म्हणत होती, आणि मधल्या काळात तिनं माझ्या आहारात हळूहळू हात घातला, हेही सांगायला हवं. कच्च्याचं उकडलेलं झालं. भोपळा, फरसबी, कोंड्यासकट गहू, डाळ, वाटीभर दही, सकाळी फळ. मीठ जेवढ्यास तेवढं. संध्याकाळी लवकर जेवण आणि मग गल्लीच्या टोकापर्यंत चालणं. (माझा याला तात्त्विक विरोध होता, कारण झाडाला उकडलेला भोपळा लागत नाही. पण उकडलेला भोपळा बत्तीस वेळा चावावा लागत नाही, हाही एक विचार आहे.) खोटं कशाला बोलू, हे जेवण मला आवडायला लागलंय. फरसबीला चव असते हे मला या वयात कळलं. दुपारी डोळे मिटत नाहीत, पायाला मुंग्या येत नाहीत, आणि जिना मी एका दमात चढतो, वर जाऊन कठडा न धरता उभा राहतो आणि खालच्यांना हाक मारतो, काही काम नसलं तरी.

आज माझी पँट सहा बोटं सैल आहे. सहा म्हणजे एका हाताची चार आणि दुसऱ्या हाताची दोन. मी ती दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला घालून दाखवतो. मुख्याध्यापक आता भोपळ्यावर आहेत. बेकरीवाल्याच्या पँटीही सैल व्हायला लागल्या आहेत आणि तो मला गुरू मानतो. लोक शर्टाचं माप द्यायला येतात आणि जाताना विचारतात की मास्तर, रात्री काय खायचं? मी सांगतो. फुकट सांगतो. चिरंजीव हे सगळं पेपरामागून बघतात. येत्या मंगळवारी डॉक्टरांकडे रक्त द्यायला जायचं आहे, ती केवळ रीत म्हणून. टेपनं साक्ष दिल्यावर कागद वेगळं काय सांगणार? थंडी सरली, ताई, आणि तुझा भाऊ जिंकला. भाऊजींना गुडघ्यासाठी भोपळा सुरू करायला सांग. दोघं सवड काढून या आणि मला डोळ्यांनी बघा.

तुझा हलकाफुलका धाकटा

ता. क. वर मंगळवारबद्दल लिहिलं आहे त्यावरून तू असं समजू नकोस की मला भीती वाटत नाही. मला भीती वाटते. सकाळी कात्रीला तेल देताना हात थांबला. म्हणून एक काम कर. मंगळवारच्या आत चिरंजीवांना फोन कर आणि सांग की निकाल देताना तुझ्या मनात टेप होता, डॉक्टरांचा कागद नव्हता. आत्याचा शब्द तो मोडणार नाही. हे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं, बाकीचं ओघात आलं.

ता. क. दुसरा. आज गुरुवार. पत्र पेटीत टाकायचं राहून गेलं. पँट सैल झाल्यापासून खिसे फार खाली गेले आहेत, आणि खाली गेलेली गोष्ट आठवत नाही. तेव्हा वरचा फोन आता करू नकोस. डॉक्टरांनी कागद वाचला आणि म्हणाले, साखर जागेवर आहे, मास्तर, हेच जेवण चालू ठेवा आणि कात्रीही चालू ठेवा. मी हे चिरंजीवांसमोर त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. एकच गोष्ट खटकली. त्यांनी मला काट्यावर उभं केलं आणि म्हणाले की वजन थोडंसं उतरलं आहे. थोडंसं! मी त्यांना सहा बोटं घालून दाखवली आणि काटा दुरुस्त करून घ्यायला सांगितलं. नाचता येईना अंगण वाकडं, असं मागे कुणीतरी पुटपुटलं. पण आज सकाळी दुकानाचं शटर त्यानंच वर केलं, इस्त्री तापत ठेवली, आणि म्हणाला, "बाबा, माझ्यासाठी एक कोट कापा." नोकरी लागल्यापासून तो अंगावर रेडीमेडच घालतो. कित्येक वर्षांनी मी त्याच्या अंगाला टेप लावला. त्याचा डावा खांदा किंचित उतरता आहे, अगदी माझ्यासारखा. तयार कोटाला हे जन्मात कळलं नसतं. मी आकडे सांगत होतो आणि तोंडात काहीही नव्हतं, तरी आवाज नीट निघत नव्हता.

ता. क. तिसरा, माझा. ताई, नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे आणि हे बाहेर बेकरीवाल्यांना काटे कसे बिघडतात ते सांगत उभे आहेत, तेवढ्यात चार ओळी लिहिते. डॉक्टरांचा काटा बरोबर आहे. पहिल्या पंधरवड्यानंतर यांची कंबर रेषभरही कमी झाली नव्हती. मान खाली घालून उभे होते आणि उद्या सगळं सोडून देणार, हे मला पाठीमागूनच दिसत होतं. मी टेप एक बोट ओढून सांगितला. मग टेप एक सांगणार आणि पँट दुसरंच सांगणार, हे कसं चालेल, म्हणून मशीनवर बसले आणि यांच्या सगळ्या पँटींच्या मागच्या शिवणी उसवून एकेक बोट वाढवल्या. पुढे प्रत्येक पंधरवड्याला तेच. शिवणीत आम्ही जादा कापड दुमडून माया ठेवतो, ती चार बोटांत संपली. पाचव्या खेपेला मला घाम फुटला, कारण सोडायला कापडच नव्हतं. मी टेप न ओढता सरळ धरला, आणि तो पहिल्या खऱ्या मापापेक्षा एक बोट कमी आला. मी पुन्हा मापलं. मग काहीतरी निमित्त काढून आत गेले आणि एकटीच रडून घेतलं. त्यानंतर आणखी एक बोट कमी झालं, तेही न ओढता. बेकरीवाल्यांच्या पँटी दुरुस्तीला माझ्याकडेच येतात, त्याविषयी मला काही विचारू नका. हे सगळं यांना कळू देऊ नका, आणि याल तेव्हा कौतुक सहाच्या सहा बोटांचं करा. त्यातली चार माझी आहेत. दोन मात्र त्यांची स्वतःची आहेत, आणि मला तीच सहांपेक्षा जास्त वाटतात.